वाचनालयात माणसं पुस्तकाखेरीज जे मागायला येतात, ते द्यायला ग्रंथपालाने शिकायचं कुठे?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी १४ वर्षं ग्रंथपाल आहे. ब वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या श्रेणींतला दुसरा. माणसं तीन: मी, एक लिपिक, एक शिपाई. वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते ८. मागची अभ्यासिका पहाटे ६ ला उघडते ती रात्री ११ ला बंद होते. ३२ खुर्च्या आहेत, एकही रिकामी नसते.

प्रश्न दोन ओळींत मावला असता, पण आधी तीन प्रसंग सांगते.

पहिला. वर्तमानपत्रांच्या टेबलावर रोज येणारे एक आजोबा आहेत. मागच्या हिवाळ्यात एक दिवस पेपराची घडी घालून ते खिडकीशी आले. "बाई, श्रावणबाळचं काही पुस्तक आहे का?" मला वाटलं नातवाला गोष्ट हवी असेल. बालविभागातून काढून दिलं. ते हातात घेऊन उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "तसं नाही. पगार येईना झालाय. चार महिने झाले."

पगार म्हणजे श्रावणबाळ या निराधार वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेचे महिना १,५०० रुपये. तहसीलने बँकेत धाडलेलं, बँकेने तहसीलला. अकराला वाचनालय बंद करून मी त्यांच्याबरोबर गेले. तहसीलमध्ये या योजना बघणाऱ्या संजय गांधी शाखेतल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, पैसे तर दर महिन्याला जातायत. कुठे जातायत? आधार ज्या बँकखात्याला जोडलेलं आहे, तिकडे. आजोबांनी कधीकाळी गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं आणि ते पार विसरले होते. पैसे थेट आधारच्या खात्यावर जायला लागले तेव्हा ते त्या विसरलेल्या खात्यात पडत राहिले. ६,००० रुपये जमा, आणि पासबुक घरात ट्रंकेच्या तळाशी. पुढच्या आठवड्यात आणखी सात जण आले. कुणाचा अंगठा उमटत नाही, कुणाचं आधारवर जन्मसाल चुकलंय, एका आजींच्या नावापुढे नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव लागलंय.

दुसरा. अभ्यासिकेतला एक मुलगा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा थोडक्यात हुकलेली. मार्चमधल्या एका शनिवारी त्याने सगळी पुस्तकं परत केली, अनामत मागितली, आणि स्वतः काढलेल्या नोट्सची पिशवी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मी अनामत मोजून दिली, पावतीवर सही घेतली. "गावी चाललास का रे?" "हो मॅडम." जाताना त्याने वाकून नमस्कार केला. चार वर्षांत कधी केला नव्हता. रात्री भाकरी थापताना तो नमस्कार आठवला आणि माझे हात थांबले. नोट्स मिळालेल्या मुलाला फोन केला, तो आणखी दोघांना घेऊन त्याच्या खोलीवर गेला. वेळेत गेले. वडील पहाटे येऊन त्याला घेऊन गेले. आता उपचार चालू आहेत आणि तो बरा आहे, याहून जास्त मी त्याच्याविषयी लिहिणार नाही. पण तो पाच मिनिटं माझ्यासमोर उभा होता, आणि काय विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं.

तिसरा प्रसंग सांगायला जड जातो. कादंबऱ्या नेणाऱ्या एक सभासद बाई. एका संध्याकाळी म्हणाल्या, घटस्फोटाच्या कायद्याचं मराठीतलं पुस्तक द्या. मनगटावर वळ होता. मी तिथेच, खिडकीशी, विचारलं, त्यांनीही थोडं सांगितलं. मागे दोघं-तिघं रांगेत होते, याचं मला भान राहिलं नाही. त्या गेल्यावर मी लिपिकाशी बोलले. काळजीने बोलले, चहाटळपणे नाही, पण बोलले. गाव लहान आहे. पंधरा दिवसांत गोष्ट त्यांच्या सासरी पोचली. पुस्तक त्यांच्या दिराने आणून खिडकीवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. बाई पुन्हा आल्या नाहीत.

ग्रंथालय प्रशिक्षण वर्गात सहा महिने मी वर्गीकरण शिकले, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं शिकले, दाखल नोंदवही कशी ठेवायची ते शिकले. यातलं काही कुणी शिकवलं नाही. समाजकार्याची दोन वर्षांची पदवी करणं आता शक्य नाही. पगार १२,००० च्या आत आहे, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आमचे कार्यवाह म्हणतात, "आपलं काम पुस्तकं. बाकीच्यात पडू नका." तिसऱ्या प्रसंगानंतर मला त्यांचं म्हणणं खोडताही येत नाही. पण माणसं येतातच.

मला नेमकं काय शिकायला हवं, कुणाकडून, आणि कुठे थांबायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगावं. पुढच्या महिन्यात कार्यकारी मंडळापुढे मांडायचं आहे.

जुना_ग्रंथपाल_लातूर

बाई, मी ३१ वर्षं वाचनालय चालवलं, आता निवृत्त आहे. तुमचा तिसरा प्रसंग दोनदा वाचला. मन खात असेल, खाऊ द्या. ज्याला खात नाही त्याने या कामात पडू नये.

माझं प्रशिक्षण कुठे झालं ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, त्यामुळं उभं राहिलं, भिंतींना मात्र भेगा पडल्या. पुस्तकं बाहेर काढून पत्र्याच्या शेडात ठेवली आणि तिथंच टेबल टाकलं. वाचायला कोण येणार? पण लोक यायचे, कारण गावात लिहिता येणारा, कार्बन ठेवणारा आणि दिवसभर एका जागी सापडणारा माणूस मी होतो. मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, पंचनामा, घराचा अर्ज. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली सरकारनं. एवढ्या गावांचे कागद किती झाले असतील बघा.

अर्जात एक रकाना असायचा, कुटुंबातील व्यक्ती. मी पहिल्या दिवशी सरळ विचारलं, "घरात कोण कोण आहे?" समोरचा माणूस नावं सांगायला लागला. पाच सांगितली. मी पाच लिहिली. मग तो म्हणाला, "यातले दोघं आहेत." त्या दिवशी मी पेन खाली ठेवायला शिकलो. आधी माणसाला बोलू द्यायचं, कागद नंतर ओढायचा. हे मला कुणी शिकवलं असतं तर त्या माणसाला तरी ते ऐकावं लागलं नसतं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. तुम्ही समजता तेवढं हे तुमच्या विद्येबाहेरचं नाही. संदर्भसेवेत आपल्याला काय शिकवतात? वाचकाचा पहिला प्रश्न हा खरा प्रश्न नसतो. श्रावणबाळचं पुस्तक मागणाऱ्याला पुस्तक नको होतं. घटस्फोटाचं पुस्तक मागणाऱ्या बाईला कदाचित घटस्फोटही नको असेल, रात्र काढायला जागा हवी असेल. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. त्या आजोबांचे चार महिने तहसील आणि बँक यांच्या मधल्या रस्त्यावर गेले, ते तुम्ही एका दुपारी वाचवले. कार्यवाहांना सांगा, हे चौथ्या सूत्रातच बसतं. आणि त्यांना बडोद्याचंही सांगा. सयाजीरावांनी १९१० पासून संस्थानात गावोगाव ग्रंथालयं उभारायला घेतली, तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा आणि पडद्यावर दाखवायच्या स्लाइडींचा वेगळा विभाग ठेवला होता. न वाचणारा माणूसही ग्रंथालयाचा आहे, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

मी केलं ते एवढंच. तालिकेचे जुने खण रिकामे होते. त्यात पाच बाय तीनची कार्डं घातली, पण पुस्तकांची नव्हे, कामांची. एका कामाला एक कार्ड. वर कामाचं नाव, लोक म्हणतात ते. "श्रावणबाळ", "पगार बंद", "रेशनकार्डात नाव चढवणं", "अपंग दाखला". खाली कोणतं कार्यालय, कोणतं टेबल, साहेब कोणत्या वारी बसतात, कागद कोणते, झेरॉक्स किती, फी किती, गावातून पहिली एसटी किती वाजता. आणि सगळ्यात खाली पेन्सिलीनं तारीख, हे शेवटचं कधी तपासलं. तीन महिन्यांपेक्षा जुनं कार्ड असेल तर ते देण्याआधी फोन करून खात्री करायची. चुकीच्या कार्डानं एका म्हाताऱ्या माणसाची मजुरी बुडते आणि पुढच्या खेपेला तो येतच नाही.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तेवढा नीट वाचून ठेवा. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, अर्जाची पोच मिळालीच पाहिजे, मुदतीत काम नाही झालं किंवा नाकारलं तर अपील करता येतं. आम्ही लोकांना एकच गोष्ट पाठ करायला लावली होती, पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरायची नाही.

मुलाचं आणि बाईंचं मला सांगता येणार नाही. तिथं जाणत्या माणसानं बोलावं.

फील्डवर्क_पुणे

मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं, १७ वर्षं कौटुंबिक हिंसाचार आणि किशोरवयीन मुलांबरोबर काम करते, आता शिकवतेही. देवघेवताई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींतली "कुठे थांबायचं" ही सगळ्यात आधी शिकायची असते. आमच्या विद्यार्थ्यांनाही ती सगळ्यात उशिरा कळते.

मुलापासून सुरू करते. पुस्तकं परत करणं, हिशेब मिटवणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होऊन निरोप घेणं, या खुणा आहेत. तुम्हाला त्या कुणी शिकवल्या नव्हत्या तरी रात्री तुम्ही त्या ओळखल्यात. पुढच्या वेळी खिडकीवरच ओळखाल. मग त्याला बाजूला घ्यायचं आणि स्पष्ट शब्दांत विचारायचं, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" लोकांना भीती वाटते की विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जाईल. तसं होत नाही. उलट विचारल्यावर बहुतेकांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, कारण इतके दिवस कुणी विचारलेलंच नसतं. "असं बोलू नये", "आईवडिलांचा विचार कर", "पुढच्या वर्षी होशील पास" ही तिन्ही वाक्यं गिळायची. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या किंवा मित्रांपैकी त्याला चालेल असा माणूस बोलवायचा, आणि त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावायचा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेली मानस सेवा, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा थेट रुग्णालय. तिथून पुढे उपचार करणारे वेगळे असतात. तुम्ही त्याला तिथवर पोचवलंत की तुमचं काम झालं. त्यानंतर त्याचा रोज फोन घेणं हे तुमचं काम नाही, आणि हे मी निष्ठुरपणे सांगत नाही. तुम्ही तीन महिन्यांत कोसळाल आणि मग पुढच्या मुलासाठी कुणीच उरणार नाही.

आता त्या बाई. तुमची चूक काळजीच्या पोटी झाली, पण तिची किंमत त्यांनी मोजली, हे तुम्हालाही दिसतंय म्हणून गोड करून सांगत नाही. बोलणं दार लागणाऱ्या खोलीत व्हायला हवं होतं. ते ज्या दोघींमध्ये झालं त्यांच्यापाशीच राहायला हवं होतं. सहकाऱ्याचा सल्ला घ्यायचा झाला तर नाव, गल्ली, नवऱ्याचा धंदा, ओळख पटेल असं काहीही न सांगता घ्यायचा. नोंद ठेवायची तर "संध्याकाळी एक महिला, कायदेशीर माहिती" एवढीच. आणि बोलायला बसण्याआधीच सांगायचं की मी काय करू शकते आणि काय नाही.

त्यांच्यासाठी काय उपलब्ध आहे ते कार्डांवर चढवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होते आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती त्यांना माहिती देऊ शकते, आणि ती सद्भावनेने दिली असेल तर तिच्यावर जबाबदारी येत नाही. पण अधिकार आहे म्हणून तो बाईला न विचारता वापरायचा असं नाही. सज्ञान बाई आहे, कधी बाहेर पडायचं हे तीच ठरवेल, कारण सगळ्यात धोक्याची वेळ बाहेर पडतानाचीच असते. मध्यस्थी तर अजिबात करायची नाही. नवऱ्याला बोलावून चहा पाजून समजूत घालणारे गावात पुष्कळ असतात. महिला हेल्पलाइन १८१. पोलिसांच्या आवारात बसणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष, ज्यांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, आज अनेक जिल्ह्यांत आहेत. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असते, पोलीस नव्हे. आणि वकील. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि मुलांनाही. हे गावात दहांतल्या नऊ जणांना माहीत नसतं असा माझा अनुभव आहे. तालुका विधी सेवा समिती तुमच्याच गावच्या न्यायालयाच्या आवारात असेल. त्यांचा फोन १५१००.

एका ठिकाणी मात्र गुप्ततेचं वचन देता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं तुम्हाला कळलं, तर पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. तुमच्या बालविभागात मुलं येतात, तेव्हा हे तुम्हाला, लिपिकाला आणि शिपायाला, तिघांनाही ठाऊक हवं. म्हणून मुलाला "कुणाला सांगणार नाही" असं कधी म्हणायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" असं म्हणायचं.

शिकायचं कुठे? पदवीची गरज नाही. जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात जाऊन क्षेत्रकार्याच्या प्राध्यापकांना भेटा. एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ठरावीक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रात काम करावंच लागतं, आणि महाविद्यालयं चांगल्या जागांच्या शोधात असतात. दोन विद्यार्थी तुमच्या वाचनालयात पाठवायला सांगा. त्यांच्याबरोबर त्यांचे मार्गदर्शक शिक्षक आपोआप येतात, आणि तो माणूस तुमच्या कामाचा. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून तुम्ही काय पाहिलंत, काय चुकलं, मनावर काय बसलंय ते बोलायचं. आमच्या व्यवसायात याला सुपरव्हिजन म्हणतात. ग्रंथपालांना असं कुणीच नसतं, सगळं घरी नेऊन भाकरीबरोबर थापावं लागतं. तुमचं ते वाक्य वाचून मी थांबले होते.

अ_वर्ग_कोकण

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मांडलं पाहिजे.

१९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाल्याला अर्धं शतक उलटून गेलं. आमच्यासारखे कर्मचारी वेतनश्रेणी मागता मागता निवृत्त झाले. अनुदान वेळेवर आलं तर पगार. अंगणवाडी सेविकांचं आणि आशाताईंचं काय झालं ते बघा. एकेक काम "तुम्ही गावात आहातच, तेवढं बघा" म्हणत अंगावर आलं आणि मानधन मागे राहिलं. आज ताई हौसेने नव्हे, मायेने करतात. उद्या याचं परिपत्रक निघेल, तपासणीच्या वेळी एक रकाना वाढेल, आणि १२,००० वाल्या ग्रंथपालाला विचारतील, या तिमाहीत किती जणांचं समुपदेशन केलंत?

आणि जी कामं आजोबांसाठी केलीत, ती करायला पगारी माणसं तहसीलमध्ये आणि बँकेत बसलेली आहेत. आपण ती करत राहिलो तर तिथलं टेबल कधीच सुधारणार नाही.

मी करू नका म्हणत नाही. त्या मुलाच्या जागी माझा मुलगा असता तर मी तुमचे पाय धरले असते. पण मंडळाकडून लेखी ठराव घ्या. आठवड्यातले किती तास, ते कामाच्या वेळेतच, तहसीलला जाण्याचं भाडं कोणत्या खर्चात, दिराने येऊन दमदाटी केली तर संस्था पाठीशी उभी राहील का. हे सगळं कागदावर. आणि जुन्या ग्रंथपाल साहेबांच्या कार्डांवर आणखी एक ओळ वाढवा, हे काम किती वेळा अडलं. वर्षाअखेरीला तो आकडा तहसीलदारांना पत्राने द्या.

खाडीपलीकडे

मी मूळची डोंबिवलीची. गेली नऊ वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला आहे. इथली अडचण वेगळी आहे. बेघर माणसं सकाळी दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर असतात, कारण दिवसभर पैसे न देता बसू देणारी, शौचालय असलेली, उबदार जागा दुसरी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं ग्रंथालय. नंतर बऱ्याच शहरांनी तेच केलं, आणि ज्यांना पगार परवडत नव्हता त्यांनी विद्यार्थी घेतले, वर पुण्याच्या ताई सुचवताहेत तसेच.

त्या मुख्य ग्रंथालयातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट दुसरीच आहे. त्या समाजकार्यकर्तीच्या हाताखाली जी माणसं दालनांतून फिरतात, ती स्वतः कधीकाळी बेघर होती. अंघोळ कुठे करता येईल, रात्री जेवण कुठे मिळेल, हे ती सांगतात, आणि त्यांचं ऐकलं जातं. ताई, तुमचे ते आजोबा! ज्याचे ६,००० रुपये सापडले, त्याच्याइतकं "पगार बंद"चं कार्ड कोण समजावून सांगेल? त्यांना विचारून बघा. तो मुलगा पूर्ण बरा झाल्यावर, त्याला हवं असेल तरच, कधीतरी अभ्यासिकेत येऊन बसला तर त्याचंही तसंच.

आम्हा ग्रंथालयातल्यांना जे प्रशिक्षण मिळालं ते दोन दिवसांचं होतं. चिडलेल्या माणसासमोर तिरकं उभं राहायचं, त्याची दाराकडची वाट अडवायची नाही, आपला आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवायचा, नियम सांगण्याआधी नाव विचारायचं. एवढं साधं. पण ते आम्ही एकमेकांसमोर करून बघितलं, म्हणून अंगात भिनलं. नुसतं ऐकून काही येत नाही. माझ्या दोन मैत्रिणींनी मात्र हे काम सोडलं, कारण त्यांच्या शाखेत नंतर विचारपूस करणारं कुणी नव्हतं. कोकणातल्या सरांचं आणि पुण्याच्या ताईंचं म्हणणं मला म्हणूनच एकत्र धरावंसं वाटतं.

देवघेव_खिडकी

तुम्हा सगळ्यांची उत्तरं मी प्रिंट काढून ठेवली आहेत.

महिला विभागामागे जुन्या मासिकांची खोली आहे, तिला दार आहे आणि कडीही लागते. काल शिपायाने आणि मी मिळून ती रिकामी केली. दोन खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या. ठरावाचा मसुदा कोकणच्या सरांच्या मुद्द्यांवरून लिहिला आहे: गुरुवारी ४ ते ६, भाडं किरकोळ खर्चातून, आणि तक्रार आली तर उत्तर संस्था देईल, ग्रंथपाल नाही. कार्यवाह म्हणाले, तुम्ही मांडा, मी विरोध करणार नाही. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ आहे. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांशी फोनवर बोलणं झालं. जूनपासून दोन विद्यार्थिनी येतील, आणि पहिल्या दिवशी त्या नव्हे, त्यांच्या मॅडम आम्हा तिघांना बसवून शिकवतील. लिपिकालाही. तिच्याशी मी बोलले. ती रडली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे बोलायचं नसतं. सांगायला हवं होतं मी.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "येईन की. पण चष्म्याचा नंबर वाढलाय, कार्ड मोठ्या अक्षरात लिहा." त्यामुळे कार्डं आता पाच बाय तीनची नाहीत, वहीच्या पानाएवढी आहेत. आत्तापर्यंत अकरा झाली.

पुण्याच्या ताई, एकच विचारायचं राहिलं. त्या बाईंसाठी मी आता काही करू शकते का? घरी जाऊन माफी मागावीशी वाटते.

फील्डवर्क_पुणे

घरी जाऊ नका. फोन नको, मेसेज नको, कुणाच्या हाती निरोपही नको. त्यांचा फोन कुणाच्या हातात असेल ते आपल्याला माहीत नाही. तुमची माफी तुमचं मन हलकं करेल, पण त्यांच्या घरात पुन्हा विषय उघडेल. त्या स्वतः आल्या तर आधी माफी मागा, एका वाक्यात, आणि काहीही विचारू नका. कादंबरी द्या. बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

त्यांच्यापर्यंत काही पोचवायचं असेल तर ते फक्त त्यांच्यासाठी असू नये. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुम्ही परतीच्या तारखेची चिठ्ठी चिकटवता ना? नवीन छापाल तेव्हा तळाला नंबर टाका. सगळ्याच पुस्तकांत. पाककृतीच्या, कवितेच्या, बालविभागातल्याही. मग ते पुस्तक हातात दिसलं म्हणून कुणी कुणाला विचारणार नाही. त्यांच्या जावा-नणंदांपैकी कुणी सभासद असेल तर चिठ्ठी त्या घरात आपोआप जाईल.

देवघेव_खिडकी

त्यांची नणंद आहे सभासद. दर आठवड्याला दोन मासिकं नेते.

चिठ्ठ्या संपतच आल्या आहेत. शुक्रवारी प्रेसला जाते. १८१, १४४१६, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८, १५१००, आणि खाली "गुरुवारी ४ ते ६, मागच्या खोलीत". २,००० छापायला सांगते. मासिकांना आम्ही चिठ्ठी लावत नाही, पण आता लावू.